ठासणीच्या दुनळीने फेझंटची शिकार: बंदूक पारखण्यापासून नळ्या धुण्यापर्यंत

काडतुसाच्या बंदुकीत दारू किती, छर्रे किती, मध्ये काय घालायचं हे सगळं कारखान्याने ठरवून दिलेलं असतं. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडाकडून भरायच्या बंदुकीत ते आपण ठरवायचं, आणि तेही गवतात उभं राहून, थंडीने बोटं आखडलेली असताना, कुत्रा पुढे पळायला उतावीळ झालेला असताना. त्यामुळे या शिकारीत नेमबाजीपेक्षा शिस्तीला भाव जास्त. भरण्याचा एक क्रम ठरवायचा आणि तो मोडायचा नाही. पंचवीस-तीस यार्डांपलीकडचा पक्षी सोडून द्यायचा. एवढं ज्याला जमतं त्याला दीडशे वर्षं जुनी बंदूकही शिकार देते. ज्याला जमत नाही त्याने ती भिंतीवर टांगावी. तिथेही ती छान दिसते.

आधी कायदा

भारतात हा नाद करता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आजही घराघरांत आहेत, पण बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. आजोबांची बंदूक माळ्यावर असेल तर तिच्यावर हे प्रयोग करू नका. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, आणि उदाहरण घेतलं आहे साउथ डकोटातल्या फेझंट या कोंबडीसारख्या रानपक्ष्याचं.

अमेरिकेच्या फेडरल कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक, किंवा काडतूस न चालणारी ठासणीची नवी प्रतिकृती, सहसा ‘अँटिक’ म्हणून वेगळी धरतात. तेवढ्यावर हुरळून जाऊ नये. राज्याराज्यांचे कायदे वेगळे आहेत, आणि शिकारीच्या नियमांतून तर कुठलीच बंदूक सुटत नाही. एच-वन-बीसारख्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातल्या अपवादांपैकी एक. व्हिसावर असाल तर वकिलाशी एकदा बोलून घ्या, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की जुनी ठासणीची बंदूक शोभेची म्हणून ठेवणं वेगळं आणि तिने बार काढणं वेगळं. दुसऱ्यासाठी शॉटगन सर्टिफिकेट लागतं, आणि काळी दारू बाळगायला एक्स्प्लोझिव्ह्ज सर्टिफिकेट.

बंदूक कोणती घ्यावी

चकमकीच्या बंदुकीचा मोह आवरा. तिच्यात चाप ओढल्यावर ठिणगी पडणार, मग रंजक म्हणजे नळीबाहेरची चिमूटभर दारू पेटणार, मग नळीच्या कानातून (बारीक भोकातून) आग आत जाणार. उडत्या पक्ष्यावर तेवढ्या वेळात नळी हलती ठेवणं नवख्याचं काम नाही. टोपीची दुनळी घ्या: हिच्यात घोडा निपल नावाच्या पोकळ खुंटीवर बसवलेल्या स्फोटक टोपीवर आपटतो आणि आग थेट आत जाते. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फॉर्सिथ या पाद्र्याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचं पेटंट घेतलं ते मुळी पक्ष्यांच्या शिकारीपायी. रंजकाचा भपका दिसताच बदकं उडून जात, असा त्याचा वैताग होता. पुढे तांब्याच्या टोप्या आल्या आणि १८६० पर्यंत इंग्लंडात टोपीच्या दुनळ्यांची अशी कारागिरी झाली की आजही त्या हातात घेतल्या की जड वाटत नाहीत.

पहिली बंदूक मात्र जुनी नसावी असं माझं मत आहे. पेडरसोलीसारख्या इटालियन कारखान्याची नवी प्रतिकृती घ्या, एक-दोन मोसम तिच्यावर हात बसवा, आणि मग बर्मिंगहॅमच्या जुन्या नळ्यांच्या मागे लागा. जुन्या बंदुकीत दोष आहे की आपल्या भरण्यात, हे ओळखायला आधी भरणं जमावं लागतं.

जुनी बंदूक हाती आली की पहिलं काम: ती भरलेली आहे असं समजा. शतकभर कुणी हात न लावलेल्या बंदुकीत जिवंत बार निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. निपलवर टोपी नाही ना ते बघा, लाकडी गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलने खूण करा, मग तोच गज नळीच्या बाहेरून तोंडाशी खूण जुळवून धरा. गजाचं टोक निपलच्या अलीकडे दोन-तीन इंचांवर थांबलं तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरू नका. जाणत्या गनस्मिथकडे न्या.

गनस्मिथ तरी कोण? काळ्या दारूच्या बंदुकांवर रोज हात असलेला. त्याच्याकडून नळ्यांच्या भिंतींची जाडी मोजून घ्या, नळीच्या आतले गंजाचे खड्डे बघायला लावा, निपलच्या आट्या घट्ट आहेत ना ते तपासा, दोन नळ्यांमधली पट्टी सुटलेली नाही ना ते पाहा. घोडा पूर्ण चढवून अंगठ्याने पुढे ढकलला तर घसरता कामा नये. अर्ध्यावर असताना चाप ओढला तर पडता कामा नये. नळ्यांच्या खालच्या, लाकडात दडलेल्या बाजूला प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे ठसे असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं. पण ठसा एवढंच सांगतो की त्या दिवशी नळी टिकली. नंतर गंजाने काय खाल्लं ते ठसा सांगत नाही. दमास्कस (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या) नळ्यांवरची वेलबुट्टी बघून भुलणारे जितके, तितकेच तिला नुसत्या नावावरून नाकारणारे. दोघांनीही नळीत आत बघावं. खड्डे नसतील, भिंत जाड असेल आणि काळ्या दारूचा बेताचा बार असेल तर दमास्कस चालते. गनस्मिथने बंदूक चौकटीत बांधून, लांबून दोरीने चाप ओढून पहिले बार काढून दाखवले तर उत्तम.

जाता जाता नळीचं माप घ्या. जुन्या इंग्लिश बंदुका बऱ्याचदा १३, १४ किंवा १५ बोअरच्या निघतात. १२ बोअर म्हणजे ०.७२९ इंच, १३ म्हणजे ०.७१०, १४ म्हणजे ०.६९३. वॅड, म्हणजे दारू आणि छर्‍यांमध्ये व वर ठासायच्या चकत्या, या मापावर मागवायच्या, ‘साधारण बाराची असेल’ या अंदाजावर नव्हे. सैल वॅडच्या कडेने वायू निसटतो आणि छर्रे कसेही फाकतात.

साहित्य

दारू काळीच. तिची दोन एफची (डब्यावर FFg लिहिलेली) जात शॉटगनला बरोबर; तिचे दाणे जाडसर रव्याएवढे असतात. स्मोकलेस म्हणजे आधुनिक काडतुसातली दारू ठासणीच्या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब नळी फोडतो, आणि फुटते ती जागा नेमकी डाव्या हाताजवळ किंवा चेहऱ्यासमोर असते. या नियमाला अपवाद नाही.

फेझंटला पाच किंवा सहा नंबरचे छर्रे. वॅड तीन प्रकारच्या: दारूवर बसणारी सुमारे एक अष्टमांश इंच जाडीची कडक पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर अर्ध्या इंचाची तेलात भिजवलेली तंतूंची मऊ वॅड, आणि छर्‍यांवर पातळ चकती. तेलासाठी मेण आणि ऑलिव्ह ऑइलचं मिश्रण पुरतं. पेट्रोलियमचं ग्रीस टाळा. काळ्या दारूच्या राखेशी मिळून त्याचा डांबरासारखा थर बसतो. पातळ चकतीला कडेला बारीकशी खाच द्या म्हणजे दाबताना खालची हवा निघून जाते. खाच नसेल तर अडकलेली हवा चकतीला पुन्हा वर ढकलते.

शिसं कुठे चालतं ते बघा. पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही. तिथे बिस्मथ वापरा. पोलादी छर्रे जुन्या मऊ नळीत घालू नका, नळी ओरखडून खराब होते. आणखी एक: पाणपक्ष्यांसह स्थलांतरित पक्ष्यांवर १० बोअरपेक्षा मोठी बंदूक फेडरल नियमात बसत नाही, मग ती ठासणीची का असेना.

विमानाने साउथ डकोटाला जाणार असाल तर दारू आणि टोप्या कुठल्याच बॅगेत नेता येत नाहीत, हातातल्याही नाही आणि खालच्याही नाही. तिथल्या दुकानात काळी दारू मिळेलच याची खात्री नसते, तेव्हा आठवडाभर आधी फोन करून ठेवा. गाडीने गेलेलं बरं.

बार किती आणि कागदावरची चाचणी

१२ बोअरच्या चांगल्या नळीला सुरुवात अडीच ड्राम दारू आणि एक औंस छर्रे अशी करावी. एक ड्राम म्हणजे २७.३४ ग्रेन, तेव्हा अडीच ड्राम म्हणजे साधारण ६८ ग्रेन. रानात तराजू नसतो, म्हणून जुने शिकारी एकच माप वापरत: जेवढं माप दारू, तेवढंच माप छर्रे. ७० ग्रेनच्या मापात छर्रे भरले तर जवळपास औंसभर बसतात. १४ बोअरला याहून थोडं कमी. गनस्मिथने कमी सांगितलं असेल तर त्याचं ऐका.

दारू वाढवली की बंदूक लांब मारते, हा समज सर्वांत चिवट. जुन्या दुनळ्यांची नळी बहुधा सरळ असते, तिला तोंडाशी चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा निमुळतेपणा नसतो; चोकचा प्रसार व्हायला १८७० चं दशक उजाडलं. सरळ नळीत जास्त दारू घातली की वॅड जोरात येऊन छर्‍यांना मागून धक्का देते, छर्रे फाकतात आणि मध्ये भोक पडतं. दारू थोडी कमी आणि छर्रे थोडे जास्त असा बार बहुतेक वेळा घट्ट पडतो.

हे कागदावर बघायचं असतं. तीन-चार फुटी कागद ताणून लावा, वीस, पंचवीस आणि तीस यार्डांवरून प्रत्येक नळीचा वेगळा बार काढा. जिथे छर्रे दाट पडले त्याभोवती तीस इंची वर्तुळ आखा. मोजणी करा किंवा करू नका, पण एक गोष्ट डोळ्यांनी बघा: फेझंटच्या धडाएवढी रिकामी जागा वर्तुळात कुठे उरते का. ज्या अंतरावर ती दिसू लागली त्याच्या अलीकडे तुमची हद्द संपली. दोन नळ्यांची हद्द वेगवेगळी निघू शकते; घट्ट मारणारी नळी दुसऱ्या बारासाठी ठेवा, कारण तोवर पक्षी लांब गेलेला असतो.

भरण्याचा क्रम

सकाळी पहिला बार भरण्याआधी निपलमधलं तेल जाळून काढायचं असतं. रिकाम्या नळीवर टोपी बसवा, तोंड गवताच्या एका पात्याजवळ सुरक्षित दिशेला धरा आणि चाप ओढा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. दोन्ही नळ्यांना हे करा. डोळ्यांना चष्मा हवाच. फुटलेल्या टोपीचा तांब्याचा कण उडून येतो.

रानात खरी परीक्षा दुसऱ्यांदा भरताना होते, कारण तेव्हा एक नळी रिकामी आणि दुसरी भरलेली असते. तेव्हाचा क्रम असा:

१. नळ्यांची तोंडं आभाळाकडे, चेहऱ्यापासून लांब. न उडालेल्या नळीचा घोडा चढलेला असेल तर अंगठ्याने सांभाळत अर्ध्यावर आणा आणि तिची टोपी काढून खिशात टाका. याआधी दुसरं काहीही करायचं नाही.

२. उडालेल्या नळीचा घोडा अर्ध्यावर घ्या, फाटलेली टोपी काढा, मिनिटभर थांबा. आत धुमसणारा कण विझू द्या.

३. गज भरलेल्या नळीत सोडा. पहिल्या बाराच्या धक्क्याने शेजारच्या नळीतली वरची चकती सुटून छर्रे पुढे सरकतात, आणि दारू व छर्रे यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. गजावरची खूण तोंडाशी जुळत नसेल तर चकती खाली दाबा. आता गज तिथेच राहू द्या. त्या नळीत चुकून पुन्हा दारू ओतली जाणार नाही.

४. कुपीतून मापात, मापातून रिकाम्या नळीत. कुपी थेट नळीवर कधी उपडी करू नका; एखादी ठिणगी उरली असेल तर मापातली दारू भडकेल, पण कुपी हातात फुटणार नाही.

५. गज काढून जाड चकती बसवा, दाबा. मग तेलाची वॅड. गज दोन-तीन बोटांनी धरायचा, तळवा त्यावर कधी नाही. वॅड बसली की गज पुन्हा भरलेल्या नळीत.

६. छर्रे, मग खाचेची पातळ चकती, हलक्या हाताने. गजावरची खूण बघा. खूण वर राहिली तर काहीतरी दोनदा पडलंय.

७. गज त्याच्या जागी गेला की मग टोप्या. टोपी नेहमी शेवटी.

हा क्रम घरी, दारूविना, रिकाम्या बंदुकीवर इतक्या वेळा करा की शेजाऱ्याशी बोलतानाही हात चुकणार नाहीत. आणि रानात मात्र भरताना कुणाशी बोलू नका. कुत्रा पक्ष्याचा माग लागून समोर थबकला तरी भरणं अर्धवट सोडून धावायचं नाही. पक्षी उडाला तर उडू द्या.

रानात

फेझंट अमेरिकेचा नाही. ओवेन डेनी या शांघायमधल्या अमेरिकन वकिलातीच्या माणसाने पाठवलेले पक्षी १८८१-८२ च्या सुमारास ऑरेगॉनात रुजले. साउथ डकोटात पहिला मोसम १९१९ साली स्पिंक काउंटीत झाला, एका दिवसाचा. आता तिथे हा राज्यपक्षी आहे आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी मोसम उघडतो. दिवसाला तीन नर एवढीच मुभा. मादी मारायची नाही. गळ्यातलं पांढरं कडं, लांब शेपूट आणि उडताना केलेला कर्कश आरडाओरडा यावरून नर ओळखू येतो. सूर्य समोर असेल आणि रंग दिसत नसेल तर बार काढू नका. परवाना आणि तारखा दरवर्षी राज्याच्या गेम, फिश अँड पार्क्स खात्याकडून बघून घ्या.

चालताना घोडे अर्ध्यावर. कुत्रा थबकला, तुम्ही त्याच्या जवळ आलात, की मगच चढवा. कुंपण ओलांडताना, ओढा पार करताना, पिकअपमध्ये चढताना टोप्या काढा. टोपी काढलेली बंदूक बऱ्याच राज्यांत गाडीपुरती ‘रिकामी’ धरतात, सगळ्या नव्हे. दिवस संपला की दोन्ही बार मोकळ्या मातीत काढून टाकावेत. भरलेली बंदूक गाडीत नको.

मक्याच्या कापलेल्या शेतात किंवा उंच गवतात चाललात की फेझंट पायाखालून फडफडत उठतो, आणि नवख्याचा बार तिथेच दहा यार्डांवर निघतो. लागला तर मांस वाया जातं, नाही लागला तर पक्षी जातो. पक्षी सरळ व्हायला एक श्वास थांबा, पंधरा ते पंचवीस यार्डांत घ्या. चाप ओढल्यावर नळी थांबवू नका. टोपी, मग दारू, मग छर्रे एवढा वेळ या बंदुकीत जातो. नळी थांबली की छर्रे पक्ष्याच्या मागून जातात. पहिल्या बाराचा धूर पुढे दाट पडतो, तेव्हा दुसरा बार काढायचा तर एक पाऊल बाजूला टाकून पक्षी पुन्हा दिसल्यावरच. धुरात, समोर कोण आहे ते न दिसता, कधीच नाही. हाक्यात रांगेने चालत असाल तर बरोबरच्यांना आधी सांगून ठेवा की तुम्हाला भरायला वेळ लागतो. रांग थांबली पाहिजे.

ऑक्टोबरात तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं, आणि तंतूंची वॅड धुमसत पडते. बार काढल्यावर पुढे जाऊन वॅड कुठे पडल्या ते बघा आणि बुटाने चिरडा. जोराचा वारा आणि वणव्याचा इशारा असेल त्या दिवशी ठासणीची बंदूक घरी ठेवा.

बार निघालाच नाही तर तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबा. उशिरा उडणारा बारही असतो. मग नवी टोपी. दुसऱ्यांदाही नाही निघाला तर निपलमध्ये बारीक तार घालून वाट मोकळी करा, चिमटीभर दारू सरकवा, पुन्हा टोपी. तरीही नाही, तर त्या नळीत पाणी ओतून दारू भिजवा आणि घरी जाऊन स्क्रूच्या गजाने बार उपसा.

पक्षी हाती आला की आतडी लवकर काढा. छर्रे बोटांनी चाचपडून काढावेत. पिसं ज्या भोकात आत गेली असतात तिथेच छर्रा सापडतो. छातीचं मांस कोरडं, ते थोडक्यात शिजवा. तंगड्या चिवट, त्या वाटण लावून मंद आचेवर तासाभरापेक्षा जास्त ठेवल्या तर रस्सा छान होतो.

त्याच संध्याकाळी

जेवणाआधी बंदूक. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते आणि रात्रीत नळी गंजवते. पाचर काढून नळ्या लाकडापासून वेगळ्या करा, निपल काढा, नळ्यांचं बूड गरम पाण्याच्या बादलीत ठेवा आणि गजाला चिंधी गुंडाळून भाता चालवल्यासारखं वरखाली करा. थोडं साबण चालतं. पाणी स्वच्छ यायला लागलं की खूप गरम पाण्याचा शेवटचा हात द्या. नळी तापली की आपोआप सुकते. मग तेलाचं फडकं. लॉक पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि तेलाचा थेंब द्या. निपलच्या आट्यांना ग्रीस लावून हाताने बसवा, पान्याने फक्त शेवटचा वेढा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं फडकं फिरवा. तांबूस डाग आला तर पाणी कमी पडलं होतं. सगळं परत करा. बंदूक तोंड खाली करून ठेवा म्हणजे जास्तीचं तेल निपलकडे आणि लाकडाकडे उतरत नाही. टोप्या एका कपाटात, दारू दुसऱ्या, दोन्हींना कुलूप.